गटाचं दप्तर आणि गुगलची किल्ली

(राजारामपुरी, कोल्हापूर येथे गटांच्या सचिव आणि लेखनिक तायांच्या प्रशिक्षणात केलेलं भाषण. बोलल्यासारखंच ठेवलं आहे.)

पहाटेची पहिली एसटी धरून आलेल्या पुष्कळ जणी आहेत, त्यामुळे लांबण लावत नाही. एकच काम करा. पिशवीतलं गटाचं रजिस्टर बाहेर काढा आणि मांडीवर ठेवा. आज बोलायचंय मोबाईलवर, पण विषय या रजिस्टरचाच आहे.

मी शिरोळ तालुक्यातली. कृष्णा-पंचगंगेच्या कुशीतलं गाव. २०१९ च्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी आहे ४३ फूट. राजारामपुरी उंचावर, इथं बसून ते पाणी कळायचं नाही. आम्ही जनावरं सोडली, म्हाताऱ्या माणसांना बोटीत बसवलं, आणि गटाची पेटी माळ्यावर टाकून निघालो. पाणी माळ्यावरही गेलं. परत आलो तेव्हा रजिस्टरची पानं एकमेकांना चिकटलेली आणि निळी शाई सगळीकडे पसरलेली. उन्हात वाळवलं, पण वाचता काही येईना.

आता तुम्ही म्हणाल, बँकेत पासबुक आहे की. आहे. पण बँकेला काय ठाऊक असतं? गटाच्या खात्यात किती आले आणि किती गेले, एवढंच. आपल्या दहा-बाराजणींत अंतर्गत कर्ज कुणी किती उचललं, कुणी किती फेडलं, ते फक्त या रजिस्टरात असतं. आमच्यातल्या एका ताईनं म्हशीसाठी २० हजार घेतले होते. ती म्हणाली, "मी १४ हजार भरलो की हो, तुमच्यासमोर भरलो." दुसरी म्हणाली, "माझ्या ध्यानात ११ आहेत." खोटं कुणीच बोलत नव्हतं. पण तीन हजारांवरून दोन घरांत वर्षभर बोलणं बंद झालं, हळदी-कुंकवालाही गेल्या नाहीत. घर पडलं ते पुन्हा बांधलं, पण हे काही लवकर जुळलं नाही.

पंचसूत्रीत आपण म्हणतो ना, नियमित बैठक, नियमित बचत, नियमित कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. पाचवं सूत्र आपण घाईत म्हणून टाकतो. त्या पुरानंतर आम्ही ते घाईत म्हणत नाही.

म्हणून गटाच्या पैशातून मोबाईल घेतला. इथंच कोल्हापुरात, एका दुकानात. दुकानातला पोरगा हुशार, त्यानं दहा मिनिटांत गुगलचं खातं काढून दिलं, पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून दिला. आम्ही खूश. दर बैठकीनंतर पानाचा फोटो काढायचा आणि गुगल कीपमध्ये टाकायचा. दीड वर्ष हे नेमानं केलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर. या वेळी रजिस्टर आधीच वाचवलं, पण मोबाईल पाण्यात पडला. म्हटलं काळजी नाही, फोटो वर ठेवलेत. नवीन मोबाईल घेतला, पासवर्ड टाकला, चुकला. चिठ्ठी कुठं गेली कुणाला ठाऊक. "पासवर्ड विसरलात?" वर बोट ठेवलं, तर मशीन म्हणतं, अमुक नंबरवर कोड पाठवलाय. तो नंबर आमचा नव्हताच! त्या पोराचा होता. पोरगा काम सोडून गेलेला, नंबर बंद. आमचे फोटो तिथंच होते, पण दार उघडायला किल्ली नव्हती. त्याला तरी काय बोलणार, त्याच्या ते ध्यानातही नसेल. चूक आमची, आम्ही विचारलंच नाही.

तर आज या दोन गोष्टी सांगते. एक वही, एक किल्ली. वही सोपी आहे, किल्लीला वेळ देणार आहे.

वही म्हणजे गुगल कीप. पिवळ्या कागदावर दिव्याचं चित्र असतं. ॲन्ड्रॉइड मोबाईलवर बऱ्याचदा आधीच असतं, नसेल तर प्ले स्टोअरवरून फुकट मिळतं. २०१३ पासून चालू आहे. आत अधिकच्या चिन्हावर बोट ठेवलं की कोरी चिठ्ठी उघडते. टाईप करायचा कंटाळा असेल तर कीबोर्डवरचं माईकचं चिन्ह दाबून मराठीत बोला, ते लिहितं. कधी कधी भलतंच लिहितं, आमच्या गावाचं नाव अजून त्याला जमलेलं नाही, वाचून घ्या म्हणजे झालं. बाजाराची यादी करता येते, आणलेल्या वस्तूवर खूण केली की ती खोडली जाते. मसाल्याची ऑर्डर असेल तर त्याला फार उपयोगी. फोटो टाकता येतो. चिठ्ठीला लेबल लावता येतं: "बैठक", "परतफेड", "बँक". रेंज नसतानाही लिहिता येतं, रेंज आली की वर जातं. चिठ्ठी दुसरीच्या ईमेलला जोडली की तिलाही दिसते, आणि तिलाही बदलता येते. हे ध्यानात ठेवा. जी बघते ती बदलूही शकते. म्हणून आकडे नुसते टाईप करू नका. बैठकीत सह्या झाल्या की त्या सहीच्या पानाचा फोटो टाका. आणि जिनं चिठ्ठी काढली तिनं ती पुसली, तर सगळ्यांच्या मोबाईलवरून जाते. कचराकुंडीत सात दिवस राहते, मग कायमची जाते. म्हणून चिठ्ठी गटाच्या खात्यातूनच काढायची, सचिवाच्या मुलाच्या खात्यातून नाही.

एका मावशींनी मघाशी चहाला विचारलं, मग रजिस्टर कशाला लिहायचं? लिहायचंच, मावशी. रजिस्टर मूळ, हे त्याचं झेरॉक्स. याच कंपनीची आधी "गुगल नोटबुक" नावाची अशीच वही होती. २००६ ला काढली, २०१२ ला बंद केली. लोकांच्या नोंदी दुसऱ्या ठिकाणी हलवल्या, बुडवल्या नाहीत, पण वही बंद करायची की चालू ठेवायची हे ठरवणारे आपण नाही. सीआरपी ताई लोकओएस ॲपवर गटाची माहिती भरतात, ते वेगळं, तेही चालू राहील. चेन्नईच्या झोहो कंपनीची नोटबुक नावाची वही आहे, ती वापरायची असेल तर खुशाल वापरा. किल्लीचं जे सांगणार आहे ते तिथंही लागू आहे.

आता किल्ली. गुगलचं खातं म्हणजे एक ईमेल पत्ता आणि एक पासवर्ड. या एका किल्लीनं जीमेल, फोटो, ड्राईव्ह, कीप, यूट्यूब सगळं उघडतं. फुकटात १५ जीबी जागा मिळते, ती जीमेल, फोटो आणि ड्राईव्ह या तिघांत मिळून. शिवाय दुसऱ्या कितीतरी ॲपवर "गुगलने साइन इन करा" असं बटण असतं. ते दाबलं की नवा पासवर्ड लागत नाही, हीच किल्ली तिथंही चालते. सोय आहे. पण किल्ली दुसऱ्याच्या हातात गेली तर किती दारं उघडतील तेही बघा. आपण गटात पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे ठेवतो, ते काय एकमेकींवर विश्वास नाही म्हणून? तसं नाही. एकीवरच सगळा भार नको, म्हणून.

तर खातं काढताना नंबर कुणाचा, हा पहिला प्रश्न. लाडक्या बहिणीचा फॉर्म भरताना किती जणींचा ओटीपी नवऱ्याच्या, दिराच्या, पोराच्या मोबाईलवर गेला? हात वर करा. बघा, अर्धा हॉल. घरच्या कामाला ते चालून जातं, गटाच्या खात्याला नाही. गटाच्या खात्यात एक नंबर अध्यक्षांचा टाका, आणि परत मिळवण्यासाठीचा दुसरा ईमेल सचिवाचा. दोघींचे स्वतःचे. पदाधिकारी बदलले की त्याच बैठकीत नंबर बदला, पासवर्ड बदला, आणि तसा ठराव रजिस्टरात लिहा. बँकेतल्या सह्या बदलतो की नाही? तसंच.

पासवर्ड गावाचं नाव आणि १२३ असा ठेवू नका. लांब ठेवा, तुमच्या गटालाच माहीत असलेले तीन-चार शब्द जोडून. त्यावर दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. मग नुसता पासवर्ड चोरून कुणी आत येऊ शकत नाही, मोबाईलवर "तुम्हीच आहात का?" असं विचारतं. तुम्ही काही करत नसताना असं विचारलं तर "नाही" दाबा. नुसतं गप्प बसू नका, आणि कंटाळून "हो" तर मुळीच दाबू नका.

तिथंच दहा बॅकअप कोड मिळतात, आठ-आठ आकड्यांचे. मोबाईल पाण्यात गेला, हरवला, तर त्यातला एक कोड टाकून आत जाता येतं. एक कोड एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून घ्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, आणि पेटीत नको, पेटी बुडते हे आम्ही बघितलंय. दोन वेगळ्या घरी ठेवा, जमलं तर एक माळाच्या बाजूच्या घरी.

आणखी एक. दोन वर्षं खातं वापरलंच नाही तर गुगल ते काढून टाकू शकतं, २०२३ च्या डिसेंबरपासून हा नियम लागू झाला आहे. गट मरगळला, बैठका थांबल्या, तर फोटोही जातील.

काय लिहायचं नाही? बँकेचा पिन, आधार नंबर, कुणाच्या घरचं भांडण. फुकट सेवा देणाऱ्या कंपनीची कमाई मुख्यतः जाहिरातींवर असते, आणि आपली चिठ्ठी त्यांच्या मशीनवर असते. बचत-परतफेडीचं ठीक आहे. आमच्यातल्या एकीनं कर्ज कशासाठी हवं ते सगळं घरातलं लिहून टाकलं होतं, आम्ही ते काढायला लावलं. फोन करून कुणी "गुगलमधून बोलतोय, कोड सांगा" म्हणालं तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर त्याच तासाला १९३० ला फोन लावा, घरच्यांना काय वाटेल म्हणून दोन दिवस थांबू नका.

त्या म्हशीच्या कर्जाचं काय झालं, विचारताय? शेवटी दोघींनी बसून साडेबारा हजारांवर मिटवलं. खरा आकडा कोणता ते आजही आम्हाला माहीत नाही.

आता चहा. त्यानंतर गावाप्रमाणे बसा. ज्यांच्या गटाचं खातं आधीच आहे त्यांनी आधी एवढंच बघायचं: परत मिळवण्याचा नंबर कुणाचा आहे. तो नंबर ज्याचा असेल त्याला इथूनच फोन लावा, आणि तो चालू असेपर्यंत बदलून घ्या. चार्जर दाराजवळच्या टेबलावर आहेत.