स्थलांतरितांचं आयुष्य आणि मृत्युदर

परमुलुखात अंगमेहनतीची कामं करणारा, विम्याचा आधार नसलेला स्थलांतरित स्थानिकांपेक्षा लवकर दगावत असेल, असं आपण गृहीत धरतो. अमेरिकेतले आकडे मात्र वेगळंच सांगतात. २०१९ साली तिथल्या हिस्पॅनिक, म्हणजे मूळच्या स्पॅनिशभाषक देशांतल्या, समाजाचं सरासरी आयुर्मान सुमारे ८२ वर्षं होतं, तर गोऱ्या अमेरिकनांचं ७९च्या आत. परदेशात जन्मलेल्यांमध्ये ही आघाडी अधिक ठळक दिसते.

असं का? घरदार सोडायला सहसा धडधाकट माणूसच धजावतो. शिवाय या लोकांत धूम्रपान कमी. आजारी माणसं मायदेशी परतत असतील आणि त्यांचे मृत्यू अमेरिकेत नोंदलेच जात नसतील, अशीही शंका निघाली. पण क्यूबातून आलेल्यांना परतीची वाट जवळपास बंदच होती. तरी त्यांचाही मृत्युदर कमीच भरला.

मात्र हे कवच अभेद्य नाही. २०२०मध्ये, कोविडच्या पहिल्याच वर्षी, हिस्पॅनिकांचं आयुर्मान सुमारे ४ वर्षांनी घसरलं. शेतात, मांसाच्या कारखान्यांत राबणाऱ्यांना घरून काम करण्याची सोय नव्हती. इंग्लंडमधल्या दक्षिण आशियाई स्थलांतरितांत तर हृदयविकाराचे मृत्यू स्थानिकांपेक्षा जास्त आढळले आहेत. म्हणून परदेशातल्या आपल्या माणसांना रक्तदाब आणि रक्तातली साखर वेळच्या वेळी तपासून घ्यायला आवर्जून सांगा.