रविवारचा चित्रकार

मुलांनो, "मला चित्र जमत नाही" असे तुमच्यापैकी किती जण म्हणतात? पुष्कळ हात वर आले! मग सिंगापूरच्या लिम चेंग हो यांच्याविषयी ऐका.

त्यांचा जन्म १९१२ साली चीनमध्ये झाला. लहानपणीच ते सिंगापूरला आले. शाळेत रिचर्ड वॉकर या शिक्षकांनी त्यांना चित्रकलेची गोडी लावली. पण कलाशाळेत जाणे काही झाले नाही. पोटासाठी त्यांनी कारकुनी पत्करली. आठवडाभर कागदपत्रे लिहायची, आणि रविवारी रंगपेटी घेऊन मित्रांबरोबर नदीकाठी बसायचे. नदीत मालाच्या होड्या दाटीने उभ्या असत.

होडी काढणे सोपे वाटते ना? त्यातून हे जलरंग! चुकलेले खोडता येत नाही. होडीवरचे ऊन दाखवायला तेवढा कागद कोरा ठेवायचा, तोही आधीच ठरवून. अशी कित्येक वर्षे गेली. लिम १९७९ साली वारले. १९८३ साली होड्याही त्या नदीतून हलवल्या. चित्रे मात्र राहिली. २०१८ साली सिंगापूरच्या राष्ट्रीय कलादालनात त्यांचे प्रदर्शन भरले होते.

आता पेन्सिली काढा. टेबलावरचा हा तांब्या दिसतो ना? एक डोळा मिटा, हात ताठ करून पेन्सिल समोर धरा. तांब्या उंच जास्त आहे की रुंद? आधी मोजा, मग काढा.