मानेच्या शस्त्रक्रियेनंतर खेळाकडे

मराठींत ‘मान’ ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. धडावर डोकें तोलून धरते ती मान, आणि चारचौघांत मिळतो तो आदर म्हणजेहि मान. खेळाडूच्या मनांत हे दोन अर्थ इतके गुंतलेले असतात कीं, एकीला शस्त्र लागतांच दुसराहि आतां गेला असें त्याला वाटूं लागतें. म्हणून ‘पुन्हां केव्हां खेळतां येईल?’ हा त्याचा पहिला प्रश्न असतो. ह्या ‘केव्हां’चें उत्तर भिंतीवरील दिनदर्शिकेंत सांपडत नाहीं, तें शरीराच्या आंत शोधावें लागतें.

मानेंत सात मणके असतात. सर्वांत वरची जोडी सोडली, तर प्रत्येक दोन मणक्यांमध्यें एक लवचिक चकती असते. ती सरकून मज्जातंतूवर दाबली गेली म्हणजे दुखणें मानेंतच राहत नाहीं. दंडांतून बोटांपर्यंत कळ उतरते, मुंग्या येतात, हाताचें बळ ओसरतें. औषध, विश्रांति व व्यायाम ह्यांनीं पुष्कळांना बरें वाटतें. ज्यांना वाटत नाहीं, त्यांपैकीं कांहींवर शस्त्रक्रिया करावी लागते. तिच्या एका रूढ प्रकारांत शल्यवैद्य गळ्याच्या पुढील बाजूनें चकती काढतो, रिकाम्या जागीं हाडाचा तुकडा किंवा तसाच आधार बसवितो, आणि बहुधा धातूची पट्टी स्क्रूंनीं जखडतो. पुढें ते दोन मणके सांधून एकच हाड होतें.

ह्यानंतर शरीरांत तीन निरनिराळीं घड्याळें चालूं लागतात. कातडीची जखम दोनतीन आठवड्यांत भरते, आणि आरशापुढें उभ्या राहिलेल्या माणसास आपण बरे झालों असें वाटतें. हाड सांधण्यास मात्र कित्येक महिने लागतात. मज्जातंतूचें घड्याळ तर सर्वांत मंद. तुटलेला तंतु पुन्हां वाढूं लागला, तरी तो दिवसाला सुमारें १ मिलिमीटर वाढतो. म्हणजे फूटभर अंतरास दहा महिने. ही चाल पैशानें वाढत नाहीं आणि हट्टानेंहि वाढत नाहीं.

अमेरिकेंतील पेटन मॅनिंग ह्यांना हें सर्व भोगावें लागलें. अमेरिकन फुटबॉलमध्यें क्वार्टरबॅक हा चेंडू लांब व अचूक फेंकून सबंध चढाईचीं सूत्रें हालविणारा गडी. इंडियानापोलिस कोल्ट्स संघाकडून १९९८ पासून मॅनिंग हंगामाचा एकहि सामना न चुकवितां त्या जागीं खेळले होते. मानेच्या दुखण्यानें त्यांच्या उजव्या दंडाचें बळ गेलें. पूर्वीं लीलया फेंकला जाणारा चेंडू थोड्या अंतरावरच जमिनीवर पडूं लागला. आधींच्या उपचारांनीं भागलें नाहीं, आणि सप्टेंबर २०११ मध्यें मणके सांधण्याची शस्त्रक्रिया झाली. तो सबंध हंगाम त्यांनीं मैदानाबाहेर काढला. मार्च २०१२ मध्यें संघानें त्यांना मोकळें केलें. तेव्हां त्यांच्या वयास ३६ वर्षें पुरीं होत आलीं होतीं.

ह्या काळांत ते महाविद्यालयांतील आपले जुने शिक्षक डेव्हिड कटक्लिफ ह्यांच्याकडे गेले, आणि पाऊल कोठें ठेवावें, खांदा कसा वळवावा, हे धडे त्यांनीं नवशिक्याप्रमाणें पुन्हां गिरविले. डेन्व्हर ब्रॉन्कोस संघानें त्यांना घेतलें. २०१३ च्या हंगामांत त्यांनीं ५५ टचडाउन पास व ५,४७७ यार्ड असे विक्रम केले. फेब्रुवारी २०१६ मध्यें त्यांच्या संघानें सुपर बोल जिंकला, आणि पुढच्याच महिन्यांत ते निवृत्त झाले. पण बोटांच्या टोकांची संवेदना पूर्ववत् झाली नाहीं. हातमोजा घालून, कमी जोर व अधिक अंदाज ह्यांवर त्यांनीं आपला खेळ नव्यानें बसविला.

सर्वांसच विक्रम करावयाचे नसतात. कोणाला सकाळीं टेकडी चढावयाची असते, कोणाला बॅडमिंटन खेळावयाचें असतें. रीत मात्र एकच. शल्यवैद्याच्या अनुमतीनें प्रथम चालणें. मग एका जागीं बसून चालवावयाची सायकल आणि मानेचे व खांद्यांचे हलके व्यायाम. त्यानंतर पोहणें व धावणें. पुढें रॅकेटचे खेळ. कुस्ती, कबड्डी ह्यांसारखे झटापटीचे खेळ सर्वांत शेवटीं. हाड सांधल्याचें क्ष-किरणांत दिसावें, वेदना नसावी, मान मोकळी वळावी, दोन्ही हातांचें बळ सारखें असावें, तेव्हांच त्यांचा विचार. एकच जोडी सांधलेली असेल तर ही वाट अनेकदां खुली असते. तीन जोड्या सांधल्यास सामान्यतः बंदच. शीर्षासनांत देहाचा बराच भार मानेवर येतो. शल्यवैद्यानें स्पष्ट संमति दिल्यावांचून तें करूं नये.

वाटेंत हातापायांस नव्यानें मुंग्या येऊं लागल्या, पकड ढिली झाली, चालतांना तोल जाऊं लागला किंवा लघवीवरील ताबा सुटला, तर व्यायाम तात्काळ थांबवून शल्यवैद्याकडे जावें.

घरच्या माणसांचेंहि येथें एक काम आहे. ‘आतां खेळ कायमचा विसर’ असें म्हणूं नये, आणि ‘किती दिवस असा बसून राहणार?’ असेंहि विचारूं नये. पहिल्या वाक्यानें उमेद खचते, दुसऱ्यानें घाई होते. सांधणाऱ्या हाडास दोन्ही सारखींच घातक. आज पन्नास पावलें, उद्यां साठ, एवढा हिशेब घरानें मन लावून ठेवला, तर मैदान फार दूर राहत नाहीं.