स्वतःची मजुरी हिशेबात धरा

(युवा शिबिरात वाणिज्य शाखेच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



संयोजकांनी मला माझ्या प्रवासाबद्दल बोलायला सांगितलं आहे. ३५ वर्षं कॉलेजात कॉमर्स शिकवलं आणि जवळपास तितकीच वर्षं दर रविवारी मोहल्ल्यातल्या वाचनालयात बसून लोकांचे कागद वाचले. एवढाच प्रवास. पण तो सुरू कसा झाला, ते सांगतो.

मी मिरजेचा. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात जिथं सतारी आणि तंबोरे बनवायला सुरुवात केली, ते हे गाव. अब्बा सतारी बनवायचे. पंढरपूरकडून भोपळे यायचे. घरात पाय ठेवायला जागा नसायची.

१९७९ साली मी अकरावी कॉमर्सला होतो. वर्गात उत्पादन खर्च शिकवला, तसा घरी येऊन अब्बांना विचारलं, "एका सतारीमागं किती सुटतात?" म्हणाले, "दीडशे." माल ४०० रुपयांचा, दुकानदार ५५० द्यायचा. दिवस लागायचे २५. म्हणजे रोजचे सहा रुपये. तेव्हा आमच्या गल्लीत बांधकामावरचा बिगारी आठ रुपये घेत होता! मी मोठ्या उत्साहानं वही दाखवली. अब्बांनी ती मिटली आणि म्हणाले, "बेटा, ये हुनर है, मजदूरी नहीं." त्या रात्री ते जेवले नाहीत. आकडा बरोबर होता, पण तो कसा सांगायचा हे मला कळत नव्हतं. ते कुठल्या पुस्तकातही नव्हतं.

१९८८ ला मी प्राध्यापक झालो. रविवारचं काम शिष्यवृत्तीच्या फॉर्मांपासून सुरू झालं. मग उत्पन्नाचे दाखले, बँकेच्या नोटिसा, दुकानाच्या वह्या येऊ लागल्या. २००६ मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला. काही बँकांनी मुस्लिम वस्त्यांना 'निगेटिव्ह' विभाग ठरवून टाकलंय, असं त्यात नोंदवलं होतं. आम्हाला ते अनुभवानं माहीत होतं. तो अन्याय आहे आणि त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण बँकेच्या दारात उभं राहताना आपल्या हातात हिशेबाचा एक कागदही नसतो, हेही मी दर रविवारी पाहत होतो. कागद नसला की नाही म्हणणाऱ्याचं काम सोपं होतं.

त्याच सुमारास एका कारागिराला कर्जासाठी हिशेब करून द्यायला मी त्याच्या घरी गेलो. लाकूड, भोपळा, तारा, पॉलिश, वीज, भाडं, आणि या वेळी न विसरता त्याची स्वतःची रोजची मजुरी. कागद वाचून दाखवला. मनात म्हटलं, अब्बांचं देणं आज थोडं फेडलं. तेवढ्यात दारात उभी असलेली त्याची बायको म्हणाली, "सर, पॉलिशच्या आधी चार-चार दिवस लाकूड घासतं कोण? मी आणि पोरी. ते कुठं लिहिलंय?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. घरी येताना आठवलं, आमच्याकडं हे काम अम्मी करायची. तिची बोटं कायम सोललेली असायची. म्हणजे १९७९ चा माझा सहा रुपयांचा आकडाही चुकलेला होता. कॉस्टिंग शिकवणाऱ्या माणसाला २५-३० वर्षांत आपल्या आईची मजुरी दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या कागदावर एक ओळ वाढली. एका बँकेनं कर्ज नाकारलं, दुसरीनं दिलं. नवा भाव ऐकून त्यांचा एक जुना दुकानदार तुटला, आणि दोन महिने त्या घराचे फार ओढाताणीत गेले. मी दिलेला सल्ला बरोबर होता का, या विचारानं तेव्हा मला झोप लागत नव्हती. पुढं थेट वाजवणाऱ्यांकडून ऑर्डरी येऊ लागल्या. सगळ्यांच्याच बाबतीत असं होतं असं नाही. काहींनी पुन्हा जुन्या भावात माल दिला. पण आपण किती कमी घेतोय, हे त्यांना आता माहीत होतं.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदाची गोष्ट आहे. पण मानांकन गावाच्या नावाला संरक्षण देतं, भाव ठरवून देत नाही. तो आपल्यालाच काढावा लागतो.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी गॅरेज असेल, शिलाई असेल, बेकरी असेल, अंडा-पावची गाडी असेल. माझी एकच विनंती आहे. शंभर पानी वही घ्या आणि एक महिना घरच्या धंद्याचा हिशेब लिहा. कोण किती तास राबलं, तेही लिहा. त्यात अम्मी आणि बहीण आधी. आकडा घरी दाखवाल तेव्हा माझ्यासारखी घाई करू नका. अब्बांजवळ बसा, चहा होऊ द्या, मग वही उघडा.

आणि अडलात, तर रविवारी सकाळी मी वाचनालयात असतोच.