दर्शन आणि स्थिती
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



हिंदू अध्यात्मविचारातील एखाद्या विषयावर बोलावे, अशी संयोजकांची इच्छा होती. मी निवडलेला प्रश्न साधकांच्या नित्य अनुभवातला आहे. ध्यानास बसलेल्या माणसाचे मन कधीतरी अकस्मात निःशब्द होते, 'मी'पणाची जाणीव क्षणभर लोपते, आणि पाहता पाहता ती अवस्था ओसरते. मग काहीजण ती पुन्हा यावी म्हणून आयुष्यभर झुरतात, तर काहीजण आपण पोहोचलो असे मानून उपदेशाचे आसन मांडतात. मला दुसरा प्रकार अधिक घातक वाटतो. झुरणारा निदान शोधात तरी असतो.

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राच्या संतपरंपरेने एका कुंभाराच्या हातून दिले आहे. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी गोरोबाकाकांचे थापटणे पाहून हे कशासाठी, असे विचारले. मडके पक्के की कच्चे हे पाहण्यासाठी, असे काका म्हणाले, आणि मग त्याच थापटण्याने त्यांनी एकेका संताचे मस्तक पारखले. इतर स्वस्थ बसले. नामदेव मात्र दुखावले. मडके कच्चे ठरले. ही कथा आपण बालपणापासून ऐकतो, म्हणूनच बहुधा तिच्यातील कोडे आपल्या ध्यानात येत नाही. ज्या नामदेवांच्या हातचा नैवेद्य प्रत्यक्ष पांडुरंगाने ग्रहण केला, ते कच्चे कसे? परंपरा ते दर्शन खोटे होते असे कोठेही म्हणत नाही. दर्शन खरे आणि मडकेही कच्चे, ही दोन्ही विधाने ती निःसंकोचपणे शेजारी ठेवते. साधकाला काय दिसले यावरून त्याची पारख होत नाही. थाप बसल्यावर आतून कोणता नाद उमटतो, यावरून होते.

हाच विचार शास्त्राच्या परिभाषेत चौदाव्या शतकात विद्यारण्यस्वामींनी 'जीवन्मुक्तिविवेक' या ग्रंथात मांडला. तत्त्वज्ञान, वासनाक्षय आणि मनोनाश या तिन्हींचा अभ्यास एकत्र व्हावा लागतो, असे ते प्रतिपादितात. ज्ञानाचा उदय झाला तरी दीर्घकाळ मुरलेल्या वासना आपोआप निघून जात नाहीत. यासाठी त्यांनी दिलेले उदाहरण थक्क करणारे आहे. ते आहे साक्षात याज्ञवल्क्यांचे! जनकाच्या सभेत शिंगांना सोने बांधलेल्या सहस्र गाई ठेवल्या होत्या. वादास आरंभ होण्यापूर्वीच याज्ञवल्क्यांनी त्या शिष्याकरवी हाकून नेल्या. पुढे त्याच वादात शाकल्याचे मस्तक गळून पडले. ब्रह्मवेत्त्याच्या ठिकाणीही जिंकण्याची इच्छा होती, धनाची इच्छा होती, चित्ताला विश्रांती नव्हती, असे विद्यारण्य दाखवतात. म्हणूनच मैत्रेयीचा निरोप घेऊन याज्ञवल्क्य घराबाहेर पडले. ज्ञानानंतरच्या या संन्यासाला विद्वत्संन्यास अशी संज्ञा आहे. उपनिषदातील श्रेष्ठ ऋषीविषयी असे लिहिण्यास केवढे बौद्धिक धैर्य लागले असेल!

पतंजलींनीही योगमार्गातील नऊ अंतराय सांगताना भूमी न लाभणे आणि लाभलेली भूमी न टिकणे हे दोन वेगळे गणले आहेत.

आपणांस येथे गुणस्थानांची आठवण होणे स्वाभाविक आहे. उपशम सम्यक्त्व अंतर्मुहूर्तच टिकते, आणि अकराव्या गुणस्थानी पोहोचलेला जीवही खाली येतो. गाळ तळाशी बसलेला असतो, निघून गेलेला नसतो. दोन्ही दर्शनांचे आत्मविषयक सिद्धांत भिन्न आहेत, ते एक करण्याचा माझा हेतू नाही. पण साधकाच्या वाटेवरचा हा खळगा दोघांनीही पाहिला आहे.

याला अपवाद नाहीत काय? रमण महर्षींचा विचार करावा लागतो. १८९६ साली मदुराई येथे, वयाच्या सोळाव्या वर्षी, मृत्युभयातून त्यांना जो आत्मबोध झाला तो पुढे कधीच मावळला नाही, असे त्यांनीच सांगितले आहे. तरीही इतरांना समजावताना त्यांनी हा भेद पुसला नाही. दोराला बांधलेली बादली विहिरीच्या पाण्यात बुडून राहते, पण दोर ओढताच वर येते. ही केवल निर्विकल्प समाधी. नदी सागरात मिळाली की परत फिरत नाही; ही सहज स्थिती. येथे दोर म्हणजे वासना, असे मी समजतो.

मग क्षणिक दर्शन निरर्थक ठरते काय? मुळीच नाही. नामदेवांना ते दर्शन घडले नसते, तर कच्चेपणाचा बोल त्यांना इतका लागलाच नसता. तो लागला म्हणून तर ते विसोबा खेचरांकडे गेले. औंढा नागनाथाच्या मंदिरात पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबांनी, जेथे देव नसेल तेथे माझे पाय ठेव, असे सांगितले. आणि पाय नेले तेथे पिंड दिसू लागली. यानंतर नामदेवांनी विठ्ठल सोडला नाही, कीर्तनही सोडले नाही. पंढरपूरपासून दूर, पंजाबातील घुमानपर्यंत त्यांचा मुक्काम पोहोचला, आणि त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली.