सम्यक वाचा आणि खात्यातले बोलणे



आमच्या मिलमध्ये एका मॅनेजरने फर्मान काढले, खात्यात कुणी बोलायचे नाही. पोरे भडकली. मी म्हटले, थांबा रे. भगवंतांनी सम्यक वाचेत खोटे, चहाडी, कठोर आणि वायफळ बोलणे वर्ज्य सांगितले. वायफळ गप्पा आपण सोडू. पण मशीनचा पट्टा सुटायला आला, तर शेजाऱ्याला सांगायचे नाही काय? चौघांनी जाऊन साहेबांना हेच शांतपणे विचारले, लेखी अर्जही दिला. कामाचे बोलायला मुभा मिळाली.

संपावर बंधने घालणाऱ्या बिलाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत कामगारांचा संप झाला, त्यात बाबासाहेब पुढे होते. बांधवांनो, मुकाट बसणे म्हणजे शील नव्हे. तोलून बोला, पण बोला!

जयभीम! नमो बुद्धाय!