किल्ली कोणाकडे?

राज्यभरातून आलेल्या फार्मासिस्ट बंधुभगिनींनो,

अध्यक्ष म्हणून प्रथेप्रमाणे मी व्यवसायाचा वार्षिक आढावा घ्यायला हवा. तो छापील पुस्तिकेत आहे, परतताना एसटीत वाचा. मला आज एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे आणि त्यासाठी मी निवृत्त होईपर्यंत थांबले. क्लिनिकल ट्रायलचं औषध रुग्णालयात येतं, तेव्हा त्याच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते?

मी पाहिलेल्या कितीतरी ठिकाणी ती कोऑर्डिनेटरच्या पर्समध्ये असते. औषध ओपीडीमागच्या खोलीत, आणि आपण तळमजल्यावरच्या खिडकीत! जीसीपीची, म्हणजे गुड क्लिनिकल प्रॅक्टिसची, मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात, औषधाच्या हिशेबाची जबाबदारी संशोधक डॉक्टरांची. ते काम त्यांना फार्मासिस्टवर किंवा अन्य योग्य व्यक्तीवर सोपवता येतं. या पळवाटेतून सगळं जग निघून गेलं. आपले क्लिनिकल ट्रायलचे २०१९ चे नियम काढा. नीतिसमितीत किमान सात सदस्य हवेत. कायदेतज्ज्ञ हवा, सामान्य नागरिक हवा, एक स्त्री हवी, धर्मशास्त्राचा जाणकारसुद्धा चालतो. फार्मासिस्टचं नाव नाही. फार्माकॉलॉजीचे प्राध्यापक असतात ना, असं मला ऐकवलं जातं. प्राध्यापकांबद्दल आदर आहे. पण रात्री दोन वाजता फ्रिजचा अलार्म वाजला की फोन त्यांना जात नाही.

किल्लीचा एवढा हट्ट कशाला, असं तरुणांना वाटेल. मुल्कोवाल आठवा. पंजाबातल्या या गावात ऑक्टोबर १९०२ मध्ये प्लेगची लस टोचली गेली आणि १९ माणसं धनुर्वाताने दगावली. लस हाफकिन यांच्या, आपल्या परळच्या प्रयोगशाळेतली. एकोणीसही जणांना ५३-एन क्रमांकाच्या एकाच बाटलीतून टोचलेलं. हाफकिन यांच्यावर ठपका आला, पद गेलं, १९०७ पर्यंत झगडावं लागलं. शेवटी बोट गेलं ते गावात बाटली उघडताना जमिनीवर पडलेल्या आणि नीट निर्जंतुक न केलेल्या चिमट्याकडे. बाटलीचा क्रमांक लिहिलेला होता म्हणून निदान माग तरी लागला. आज आपण लॉगमध्ये बॅच, किट, तारीख, सही लिहितो त्याला कोणी कारकुनी म्हणालं, की मला हे गाव आठवतं.

गेल्या अधिवेशनात तावातावाने वाद झाला, बारकोड आणि सॉफ्टवेअर आल्यावर फार्मासिस्ट हवाच कशाला? दुसरा वाद, ट्रायल टीमचं नेतृत्व फार्म.डी. झालेल्यांनीच करावं का? दोन्हींवर माझं उत्तर एक मावशी देतील. मधुमेहाच्या डबल-ब्लाइंड ट्रायलमध्ये त्या दर भेटीला बाटली परत आणायच्या. गोळ्यांचा हिशेब अगदी तंतोतंत. स्कॅनर खूश, मॉनिटर खूश. आमचा डी.फार्म. झालेला, जनरल स्टोअरमध्ये मुरलेला एक सहकारी एके दिवशी खिडकीत होता. त्याने सहज विचारलं, "मावशी, गोळ्या घरी कुठं ठेवता?" "देव्हाऱ्यापाशी. एक दिवस मी घेते, एक दिवस जाऊबाई. त्यांना पण साखर आहे ना!" रोज एक गोळी कमी होत होती, हिशेब कुठे चुकणार? कोणत्या बाटलीत औषध आणि कोणत्यात प्लासिबो, हे आम्हालाही ठाऊक नव्हतं. जाऊबाईंना बोलावून तपासलं, स्पॉन्सरला आणि नीतिसमितीला कळवलं. मावशी मात्र आमच्यावरच रागावल्या. वाटून खाल्लं तर बिघडलं काय!

असं मॉनिटरला कोणी सांगत नाही. खिडकीत सांगतात.

फ्रिजचंही तसंच. उष्णतेची भीती सगळ्यांना असते, गोठण्याची कोणाला नाही. २ ते ८ अंशांत ठेवायची प्रथिनांची इंजेक्शनं मागच्या भिंतीला टेकून गोठली आणि पुन्हा वितळली, की डोळ्याला फरक दिसेलच असं नाही. एका सोमवारी एका विभागातले डॉक्टर व्हायल हातात घेऊन मला म्हणाले, "थंडच आहे की!" डेटा लॉगरचा आलेख रात्री शून्याखाली गेला होता. सगळा साठा क्वारंटाइनमध्ये टाकला, आणि त्या डॉक्टरांनी महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं.

टीम चालवणं म्हणजे मुख्यतः ड्युटीचं वेळापत्रक. काही ट्रायलमध्ये इंजेक्शन तयार करणाऱ्याला बाटलीत काय आहे ते ठाऊक असतं. सिरिंजवर अपारदर्शक वेष्टण चढवूनच ती वॉर्डात पाठवायची. त्याने रुग्णाशी बोलायचं नाही, कँटीनमध्ये डॉक्टरांनी सहज विचारलं तरी चेहरा कोरा ठेवायचा. अशी दोन माणसं तरी हवीत, आणि दोघांनाही गणपतीत कोकणात जायचं असतं. ट्रायलच्या करारात फार्मसीसाठी वेगळा पैसाच नसेल तर तिसरा आणायचा कुठून?

तेव्हा पुढच्या वर्षात करारातल्या खर्चपत्रकाचा नमुना तयार करावा, मराठीत एक कार्यपुस्तिका काढावी, नीतिसमितीतल्या जागेसाठी दिल्लीला निवेदन द्यावं. समिती नेमू, कोणाला घ्यायचं ते कार्यकारिणी बघेल. किल्ली फार्मासिस्टकडे असावी, हा ठराव मात्र मी दुपारच्या सत्रात स्वतः मांडणार आहे. ज्यांचा विरोध असेल त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला गाठावं. मी सावकाश जेवते.